शिक्षणाचा हिशेब मागणारे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे शैक्षणिक कार्य म्हटले की पुण्याच्या भिडे वाड्यात १८४८ साली त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेचा उल्लेख प्रथम होतो. सरकारी शाळांच्या कारभाराची त्यांनी केलेली चिकित्सा हा त्याच कार्याचा उत्तरार्ध होय.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली माळी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले व १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. शाळा सुटणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे सावित्रीबाईंच्या साह्याने त्यांनी मुलींसाठी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा चालविल्या. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्यापुढे १९ ऑक्टोबर रोजी सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी मूळ प्रश्न महसुलाचा मानला. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गाला मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणून लोकल फंडाच्या उपकरातील निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणास द्यावा व निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत ते सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचविले.

त्यांची टीका तपशिलाची होती. शाळांची वर्षाकाठी एकदा होणारी तपासणी अपुरी आहे. ती तीन महिन्यांनी तरी व्हावी आणि एरवीही पूर्वसूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र सारा दोष त्यांनी शिक्षकावर टाकला नाही. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे आणि अधिक विद्यार्थी उत्तीर्ण करणाऱ्यास वेगळा भत्ता मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. वेळप्रसंगी नांगर वा वाकस हाती धरू शकेल असा, शेतकरी वर्गातील शिक्षक त्यांना हवा होता.

आयोगाने सक्तीची शिफारस केली नाही. १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते १९१७ मध्ये. शाळा उघडणाऱ्या जोतीरावांइतकेच, शाळेचा जाब विचारणे हा कर भरणाऱ्या रयतेचा अधिकार मानणारे जोतीरावही अभ्यासकांनी ध्यानात घेतले पाहिजेत.