जुना झिऑन की नवा आय५? उत्तर दडलंय सीमोर क्रे यांच्या आयुष्यात

कमी बजेटमध्ये पीसी जोडायला निघालेल्या मुलांकडून एक प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. एका बाजूला सहा कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे, समजा इंटेल कोअर आय५-१२४००. दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी डेटा सेंटरमधून निघालेला, सेकंडहँड, चौदा कोअरचा झिऑन ई५-२६८० व्ही४. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड आणि किंमत ऐकून तर वाटतं की दुकानदार चुकून सांगतोय. घ्यायचा कुठला?

बेंचमार्कचा तक्ता टाकून मी मोकळा झालो असतो. पण तक्ता दोन वर्षांत जुना होतो. मला वाटतं, यातलं तत्त्व एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक खरेदीला उपयोगी पडतं. थोडे पण वेगवान प्रोसेसर की भरपूर पण सावकाश प्रोसेसर, या एका प्रश्नावर एका माणसाने आख्खं आयुष्य लावलं. त्यात तो जगात पहिला आला आणि शेवटी त्याची कंपनीही बुडाली. ते होते सुपरकॉम्प्युटरचे जनक मानले जाणारे सीमोर क्रे.

तळघरातला मुलगा

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावातला. वडील सिव्हिल इंजिनियर. पोराला तारा आणि स्विचेसचा नाद आहे हे बघून घरच्यांनी तळघरच त्याच्या ताब्यात देऊन टाकलं. दहाव्या वर्षी त्याने खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू वापरून एक यंत्र केलं. कागदाच्या पट्टीवर भोकं पाडायची आणि ती पट्टी यंत्रात घातली की मोर्स कोडचे संदेश बाहेर यायचे.

दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात रेडिओ ऑपरेटर होते. नंतर त्यांना पॅसिफिक आघाडीवर जपानी सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर पाठवलं गेलं. युद्ध संपल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी आधी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग आणि मग गणित केलं. त्यानंतर ते सेंट पॉल शहरातल्या इंजिनियरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत लागले. नौदलासाठी संकेत फोडणाऱ्या लोकांनी काढलेली ही कंपनी. संगणक म्हणजे नक्की काय, हे तेव्हा फार कमी लोकांना ठाऊक होतं.

३४ माणसं आणि जगातलं सगळ्यात वेगवान मशीन

१९५७ मध्ये विल्यम नॉरिस आणि काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी कंट्रोल डेटा ही कंपनी काढली. क्रेही लवकरच तिकडे गेले. १९६० मध्ये त्यांचा १६०४ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक ग्राहकांच्या हाती पडू लागला आणि कंपनीचं बस्तान बसलं. पण कंपनी वाढली तशा मीटिंगाही वाढल्या, आणि क्रे यांना मीटिंग नकोशा वाटायच्या. शेवटी १९६२ च्या सुमारास ते सरळ आपल्या गावी परतले. चिपेवा फॉल्सला त्यांच्याच जमिनीवर कंपनीने त्यांना प्रयोगशाळा बांधून दिली.

तिथे तयार झाला सीडीसी ६६००. १९६४ मध्ये बाजारात आलेलं हे मशीन जगातलं सगळ्यात वेगवान मशीन ठरलं. आयबीएमच्या आधीच्या सर्वोत्तम मशीनपेक्षा ते साधारण तिप्पट वेगवान होतं. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनियर यांनी तर आपल्या अधिकाऱ्यांना चिठ्ठी लिहून विचारलं होतं की सफाई कामगार धरून ३४ माणसांच्या टीमने आपल्याला मागे कसं टाकलं.

आता यातली खरी गंमत बघा. त्या काळचे बहुतेक संगणक सगळी कामं एकाच प्रोसेसरकडून करून घ्यायचे. आकडेमोड त्यानेच करायची आणि कार्ड वाचणं, प्रिंटरला माहिती देणं हेही त्यानेच. क्रे यांनी मुख्य प्रोसेसरकडे फक्त आकडेमोड ठेवली. बाकीच्या किरकोळ कामांसाठी दहा छोटे प्रोसेसर दिले. तुमच्या फोनमध्ये आज जवळपास हीच कल्पना आहे. आठ कोअरपैकी एक-दोन दांडगे असतात, ते गेम आणि कॅमेऱ्यासाठी. बाकीचे छोटे कोअर नोटिफिकेशन आणि गाणी सांभाळतात.

आणखी एक गोष्ट. ते दहा छोटे प्रोसेसर पूर्णपणे वेगळे नव्हते. आकडेमोड करणारा भाग एकच होता आणि दहाही जण आळीपाळीने तो वापरायचे. आजच्या थ्रेडचा प्रकार याच जातीचा आहे. एका कोअरवर दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत. एकाच शेगडीवर दोन जणी आलटून पालटून स्वयंपाक करतात, शेगडी रिकामी राहत नाही, एवढाच फायदा. म्हणून झिऑनच्या जाहिरातीतला अठ्ठावीस हा आकडा बघून हुरळून जाऊ नका.

तारेची लांबी मोजणारा माणूस

पुढचं मशीन ७६००, तेही यशस्वी झालं. त्यानंतरच्या ८६०० मध्ये मात्र गाडी अडली. त्यात चार प्रोसेसर होते आणि सगळं इतकं दाटीवाटीने बसवलं होतं की उष्णता आणि बिघाड आवरेनात. क्रे यांना सगळं मुळापासून नव्याने करायचं होतं, पण कंपनीकडे तेवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये त्यांनी कंट्रोल डेटा सोडली आणि क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी काढली. भांडण झालं नाही. उलट जुन्या कंपनीने नव्या कंपनीत पैसे गुंतवले.

त्या वेळी बाजारात दोन वेगळे प्रयोग चालू होते. इलियाक ४ या मशीनमध्ये ६४ प्रोसेसर एकत्र जोडले होते. कंट्रोल डेटाच्याच स्टार-१०० मध्ये लांबलचक याद्यांवर एका दमात आकडेमोड व्हायची, पण साधी, एकेक करून होणारी आकडेमोड मंद होती. कागदावर दोन्ही मशीन जबरदस्त. प्रत्यक्षात दोन्हींनी निराशा केली.

कारण समजून घ्यायला लग्नघरातला स्वयंपाक आठवा. चौदा माणसं लावली तर भाजी चटकन चिरून होते. पण कढईतली भाजी शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तिथे चौदा माणसं नुसती उभी राहतात. प्रोग्रामचंही तसंच. काही भाग वाटून घेता येतो, काही भाग एकामागून एकच करावा लागतो. जीन अॅमडाल या संशोधकाने १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला आणि आज तो अॅमडालचा नियम म्हणून शिकवतात.

क्रे यांनी हे बरोबर ओळखलं होतं. १९७६ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत पोचलेल्या क्रे-१ मध्ये प्रोसेसर एकच होता. याद्यांवरची आकडेमोड तर वेगवान होतीच, पण एकेक करून होणारी आकडेमोडही तितकीच चपळ ठेवली होती. घड्याळ ८० मेगाहर्ट्झचं, मेमरी ८ एमबी, वजन पाच टनांहून जास्त. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा आकार आणि भोवती गादी लावलेलं बाक. हा आकार दिसायला छान म्हणून नव्हता. विजेचा संकेत एक अब्जांश सेकंदात फार तर एक फूट जातो, म्हणून तार जितकी लांब तितका उशीर. गोल आकारामुळे आतली कुठलीच तार चार फुटांपेक्षा लांब ठेवावी लागली नाही. बाकाच्या खाली वीजपुरवठ्याची यंत्रणा होती.

पुण्याशी जुळलेला धागा

क्रे यांच्या मशीनचा आपल्याशीही संबंध आला. १९८० च्या दशकात भारताला मान्सूनच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी हवं होतं. अमेरिकेने दोन प्रोसेसरचं मॉडेल नाकारलं आणि एका प्रोसेसरचं दिलं. ते दिल्लीत बसलं. याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. १९९१ मध्ये सी-डॅकने परम ८००० तयार केला.

परमची वाट क्रे यांच्या बरोबर उलटी होती. एक महाकाय प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. मग बाजारात मिळणारे छोटे ट्रान्सप्युटर घेतले, ६४ जोडले आणि काम त्यांच्यात वाटून दिलं. खरी मेहनत होती ती काम वाटण्याचं सॉफ्टवेअर लिहिण्यात.

जिथे तत्त्व महागात पडलं

जगभर हेच घडू लागलं होतं. साध्या चिप वर्षागणिक स्वस्त आणि वेगवान होत होत्या. हवामान, रसायनशास्त्र, अणुसंशोधन अशा क्षेत्रांतले प्रोग्रामरही आपली गणितं हजार तुकड्यांत वाटायला शिकले होते.

क्रे मात्र आपल्या वाटेवर ठाम होते. १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्यांनी चार प्रोसेसर वापरले आणि आख्खं सर्किट थंड द्रवात बुडवून ठेवलं. क्रे-३ साठी तर त्यांनी सिलिकॉनच सोडलं आणि गॅलियम आर्सेनाइड घेतलं, कारण त्यातून जास्त वेग मिळणार होता. पण त्या चिप बनवणं महाकठीण. १९८९ मध्ये या कामासाठी क्रे कॉम्प्युटर ही वेगळी कंपनी झाली, कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात. १९९१ च्या शेवटी पहिल्या गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली. १९९३ मध्ये एक क्रे-३ हवामान संशोधन केंद्रात बसलं, पण विकलं एकही गेलं नाही. मार्च १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

क्रे तेव्हा ६९ वर्षांचे होते. घरी बसून राहता आलं असतं. पण १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा एक कंपनी काढली, एसआरसी कॉम्प्युटर्स. आणि या वेळी त्यांनी अनेक प्रोसेसर एकत्र जोडणारं मशीन हाती घेतलं. जन्मभर ज्या वाटेला विरोध केला, त्याच वाटेवर त्यांनी सत्तरीत पाऊल टाकलं. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

ते मशीन पूर्ण करणं त्यांच्या नशिबात नव्हतं. २२ सप्टेंबर १९९६ ला त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि ५ ऑक्टोबरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अॅस्की रेड या सुपरकॉम्प्युटरने सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. त्यात होते सात हजारांहून जास्त पेंटियम प्रो. म्हणजे लोकांच्या टेबलावरच्या पीसीत बसणारा प्रोसेसर!

मग तुम्ही काय घ्यायचं?

मला यातून एवढंच दिसतं की १९७६ मधले क्रे बरोबर होते आणि १९९३ मधले क्रे चुकले, पण त्यांचं गणित दोन्ही वेळा तेच होतं. बदललं होतं काम. तेव्हाचं काम वाटता येत नव्हतं, नंतरचं येऊ लागलं.

आता हेच आपल्या दोन प्रोसेसरना लावू. ई५-२६८० व्ही४ आला २०१६ मध्ये, त्याचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ. आय५-१२४०० आला २०२२ मध्ये, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. शिवाय नवा कोअर प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो. हिशेबापुरतं धरू की आय५ चा एक कोअर झिऑनच्या दीडपट वेगवान आहे.

- कामातला २० टक्के भाग वाटता येत नसेल, तर झिऑनचे चौदा कोअर मिळून त्याच्याच एका कोअरच्या ३.९ पट वेग देतात. आय५ चे सहा कोअर देतात ४.५ पट. आय५ जिंकला.
- वाटता न येणारा भाग फक्त १ टक्का असेल, तर झिऑन १२.४ पट आणि आय५ ८.६ पट. झिऑन जिंकला.

गेमिंग, ब्राउझर, ऑफिसचं काम, फोटो एडिटिंग ही पहिल्या प्रकारातली कामं. ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रेंडरिंग, मोठा कोड कंपाइल करणं, एकाच वेळी चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवणं ही दुसऱ्या प्रकारातली.

आणि किंमत बघताना फक्त प्रोसेसरची बघू नका. या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. आय५-१२४०० मध्ये साधं ग्राफिक्स आतच आहे, फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन बसत नाही. ठरवलेली वीजमर्यादा झिऑनची १२० वॉट, आय५ ची मूळ मर्यादा ६५ वॉट, म्हणजे कूलर आणि पॉवर सप्लायही त्या मानाने दणकट लागणार. झिऑनचा बोर्ड जुन्या सॉकेटचा, पुढे अपग्रेड करायला वाव जवळजवळ नाही.

घरच्यांनी पै-पै साठवून दिलेल्या पैशांतून पहिला पीसी घेत असाल, तर माझं मत आय५. तुम्ही ब्लेंडर किंवा व्हर्च्युअल मशीन रोज वापरत असाल आणि ग्राफिक्स कार्ड आधीच हाताशी असेल, तर झिऑन बिनधास्त घ्या. दुकानात जाण्याआधी फक्त एक करा. तुम्ही रोज वापरता ती चार सॉफ्टवेअर कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की त्याचं काम वाटता येतं की नाही. कोअर मोजायचे ते त्यानंतर.