चारा, वय आणि मांसाची चव : रॉबर्ट बेकवेल

मटण घेताना ‘जून तर नाही ना?’ असे आपण हमखास विचारतो. जनावराचे वय आणि मांसाची चव यांचे नाते त्या एका शब्दात आहे. हे नाते गोठ्यात तपासून पाहणाऱ्यांमध्ये इंग्लंडचे रॉबर्ट बेकवेल यांचे नाव आघाडीवर आहे.

बेकवेल यांचा जन्म १७२५ मध्ये लेस्टरशायरमधील डिशली येथे झाला. जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. ती ते खंडाने कसत. त्या काळी बैल आयुष्यभर नांगराला जुंपला जाई आणि थकला की कसायाकडे जाई. त्यामुळे लोकांच्या ताटात येणारे मांस बहुधा जून आणि चिवट असे. शहरे वाढत होती, मांसाची मागणीही वाढत होती. केवळ मांसासाठी, कमी वयात भरणारे जनावर तयार करायचे, असे बेकवेल यांनी ठरवले.

त्यांनी कुरणांना पाट काढून पाणी दिले आणि पाणी दिलेल्या व न दिलेल्या पट्ट्यांतील गवताची तुलना केली. हिवाळ्यासाठी सलगमसारखी कंदपिके घेतली. लाँगहॉर्न गाई आणि लेस्टर मेंढ्यांमध्ये निवडक नर-मादींचा, अनेकदा जवळच्या नात्यातलाच, संकर केला. कापलेल्या जनावरांचे सांगाडे आणि मिठाच्या पाण्यात टिकवलेले मांसाचे तुकडे ते जपून ठेवत. हाड किती बारीक झाले, चरबीचा थर किती वाढला, हे ते पिढीगणिक ताडून पाहत. त्यांच्या मेंढ्या सुमारे दोन वर्षांत विक्रीयोग्य होऊ लागल्या आणि पैदाशीचे मेंढे मोठ्या भाड्याने जाऊ लागले.

पण तक्रारही आली. मांस फार चरबट आहे, त्याला पूर्वीची चव नाही, असे खवय्ये म्हणू लागले. बेकवेल यांनी ते फारसे मनावर घेतले नाही. श्रीमंतांच्या जिभेपेक्षा कष्टकऱ्यांचे पोट त्यांना महत्त्वाचे वाटे.

या तक्रारीमागचे शास्त्र पुढे उलगडले. वय वाढते तसे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांतील दुवे पक्के होतात. कोवळ्या मांसातील कोलॅजेन शिजताना विरघळते, जून मांसातील सहजासहजी विरघळत नाही. मात्र वयाबरोबर स्नायूंतील मायोग्लोबिन आणि तंतूंमध्ये मुरलेली चरबी वाढते, त्यामुळे चव गडद होते. ही मुरलेली चरबी सर्वांत शेवटी साठते; त्वचेखालचा थर त्याआधीच जाड होतो. म्हणून वासराचे मांस मऊ, पण चवीला सौम्य असते. उत्तर स्पेनमध्ये तर वयस्क गाईचे मांस चवीसाठी मुद्दाम निवडले जाते.

चाऱ्याचाही वाटा मोठा. हिरव्या गवतातील कॅरोटीनमुळे चरबी पिवळसर होते. आपल्याकडे गाईचे तूप पिवळे दिसते तेही त्यामुळेच. गवतावर वाढलेल्या जनावराच्या चरबीत लिनोलेनिक आम्ल अधिक असते आणि शिजताना त्यातून उग्र, रानवट वास येतो. धान्यावर पोसलेल्या जनावरात ओलेइक आम्ल अधिक, म्हणून चव लोण्यासारखी लागते. गवतावरच्या मांसात ओमेगा-३ जास्त असले तरी मासळीच्या तुलनेत ते थोडेच असते. शिवाय संपृक्त चरबी दोन्हींत असतेच. त्यामुळे ‘गवतावर वाढलेले’ एवढ्यावरून ते हवे तितके खाण्याजोगे ठरत नाही.

बेकवेल १७९५ मध्ये निवर्तले. त्यांच्या लाँगहॉर्न गाई अंगाने भरल्या, पण दूध आणि प्रजननक्षमता घटली. काही दशकांतच शॉर्टहॉर्न जातीने त्यांची जागा घेतली. ती जात घडवणाऱ्या कॉलिंग बंधूंनी निवडीचे धडे मात्र डिशलीच्याच पद्धतीतून घेतले होते. १८५९ मध्ये डार्विन यांनीही ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये बेकवेल यांच्या मेंढ्यांचा दाखला दिला.