भाषांचे दार उघडणारा

सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील शाळांत लॅटिन भाषेचे मोठे प्रस्थ होते. ही भाषा कोणाच्याच घरी बोलली जात नसे. परंतु धर्म, कायदा, वैद्यक यांवरील बहुतेक ग्रंथ तीतच लिहिलेले असत. विद्वान व्हावयाचे तर लॅटिन येणे भागच होते. मुलांना आरंभापासून व्याकरणाचे नियम घोकावे लागत, आणि ते नियमही लॅटिनमध्येच असत! जी भाषा कळत नाही, तिचे नियम त्याच न कळणाऱ्या भाषेत पाठ करावयाचे. चुकले की छडी ठरलेलीच. अशी कित्येक वर्षे घालवूनही पुष्कळांना चार वाक्ये धड बोलता येत नसत.

यान आमोस कोमेन्स्की याने हे सारे स्वतः भोगले होते. जगात तो कोमेनियस या लॅटिन नावाने ओळखला जातो. त्याचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. तो बारा वर्षांचा असतानाच त्याचे आईबाप वारले. त्यामुळे लॅटिन शाळेत पाऊल टाकण्यास त्याला सोळावे वर्ष उजाडले. लहान मुले मुकाट्याने जे सोसतात, त्यातील दोष या थोराड विद्यार्थ्याच्या ध्यानात आले.

पुढे जर्मनीत शिक्षण पुरे करून तो धर्मोपदेशक व शिक्षक झाला. पण स्वस्थता त्याच्या वाट्याला आली नाही. १६१८ मध्ये युरोपात धर्मयुद्ध पेटले. शत्रुसैन्याने त्याचे गाव लुटले; पाठोपाठ आलेल्या साथीत त्याची पत्नी आणि दोन मुले दगावली. त्याच्या पंथावर बंदी आली, आणि १६२८ मध्ये देश सोडून त्याने पोलंडमधील लेश्नो गावी आश्रय घेतला.

तेथे शिकवीत असताना त्याने एका साध्या गोष्टीचा विचार केला. मूल मातृभाषा कशी शिकते? ते वस्तू पाहते आणि त्याच वेळी तिचे नाव ऐकते. नियम त्याला कोणी सांगत नाही. मग परकी भाषाही अशीच का शिकवू नये? आधी वस्तू, मग शब्द. आधी उदाहरण, मग नियम. आणि मातृभाषेचा हात धरूनच परक्या भाषेत प्रवेश, असा क्रम त्याने ठरविला. १६३१ मध्ये त्याने ‘भाषांचे उघडलेले दार’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुमारे आठ हजार शब्द हजार वाक्यांत गुंफले होते. थोड्याच वर्षांत युरोपातील अनेक भाषांत ते गेले. तरी लहानांना ते जडच जाई. एवढे शब्द एकदम पोटात कसे मावणार? हे ओळखून कोमेनियसने त्या दाराला जणू एक ओसरी जोडली, म्हणजे त्याहून सोपे पुस्तक लिहिले.

१६५० मध्ये हंगेरीत शिकविण्यासाठी गेला असता त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. वस्तू वर्गात आणता येत नसेल, तर तिचे चित्र आणावे. अशा सुमारे दीडशे पाठांचे पुस्तक त्याने रचले. शिंप्याच्या पाठात शिंप्याचे दुकान दिसे. कात्री, सुई, दोरा यांवर आकडे घातलेले असत, आणि तेच आकडे खालच्या वाक्यांतील त्या त्या शब्दांपुढे असत. एका बाजूस लॅटिन, दुसऱ्या बाजूस मुलांची भाषा. अक्षरे तर पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून शिकविली होती. पहिला मान कावळ्याचा! लाकडावर चित्रे कोरणारे कसबी कारागीर तेथे नसल्यामुळे पुस्तक जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे छापावयाचे ठरले.

ते निघण्यापूर्वीच त्याच्यावर पुन्हा घाला आला. १६५६ मध्ये लेश्नो युद्धात जळाले. त्यात त्याचे घर, ग्रंथ आणि चव्वेचाळीस वर्षे खपून तयार केलेला चेक-लॅटिन शब्दकोश भस्मसात झाला. घरे पुन्हा बांधता येतात. चौसष्टाव्या वर्षी असा कोश पुन्हा कोण लिहिणार? ही हानी त्याला अखेरपर्यंत सलत राहिली.

त्याला ॲम्स्टरडॅममध्ये आसरा मिळाला. १६५८ मध्ये चित्रांचे पुस्तक बाहेर पडले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे मुले त्यावरून शिकत राहिली. जर्मन कवी गटे हाही लहानपणी ते वाचीत असे. मायदेशी परतण्याचा योग मात्र कोमेनियसला आला नाही. १५ नोव्हेंबर १६७० रोजी तो ॲम्स्टरडॅममध्येच वारला. त्याची समाधी हॉलंडमधील नार्डेन गावी आहे.