अनंतशास्त्र्यांची कन्या

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, आणि केडगावचे मुक्तिसदन पुष्कळांनी पाहिलेही असेल. परंतु बाईंच्या चरित्राचे मूळ ज्या गृहस्थाच्या हट्टात आहे, त्या त्यांच्या वडिलांविषयी, अनंतशास्त्री डोंगरे यांच्याविषयी, सहसा कोणी बोलत नाही. म्हणून आम्ही येथे मुख्यत्वेकरून तेच सांगणार आहो.

शास्त्रीबोवा मंगळूरकडचे. विद्यार्थिदशेत ते पुण्यास असता त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन तेथील राणीस संस्कृत शिकवीत. ते पाहून स्त्रियांस विद्या का देऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनात शिरला, तो कायमचा. पहिल्या पत्नीस शिकविण्याचा यत्न घरच्यांनी हाणून पाडला. ती वारल्यावर ४४व्या वर्षी त्यांनी ९ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ही गोष्ट आज कोणास रुचणार नाही, आम्हांसही रुचत नाही; पण त्याच मुलीस, लक्ष्मीबाईस, त्यांनी संस्कृतात पारंगत केले. घरची कुरकुर असह्य झाली तेव्हा ते तिला घेऊन गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. उडुपी येथे पंडितांच्या सभेने जाब विचारला, तेव्हा ग्रंथांतील आधार काढून त्यांनी आपली बाजू मांडली.

त्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. काही महिन्यांतच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि बाळ रमा वेताच्या पेटीतून मजुराच्या डोक्यावर चालली. वडील वृद्ध झालेले, म्हणून धडे आईने दिले. पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, गोंजारून जागे करून. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीस मुखोद्गत झाले. देवळांत पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दानधर्मात घालावे, हा शास्त्रीबोवांचा क्रम. मुलांस पोट भरण्याची दुसरी विद्या मात्र त्यांनी दिली नाही.

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा ही उणीव भोवली. भांडी गेली, दागिने गेले. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. दृष्टी गेलेल्या वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले. पुत्र श्रीनिवास याने मोलमजुरी करण्याची तयारी दाखवून त्यांस परावृत्त केले. १८७४त ते वारले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीस जवळ घेतले, सन्मार्गाने राहण्यास व जन्मभर देवाची सेवा करण्यास सांगितले, आणि तिला देवाच्या हाती सोपविले. लवकरच आईही गेली. तिरडीस खांदे पुरेनात. उंचीने लहान असलेल्या रमाबाईंनी तिचा भार डोक्यावर घेतला.

पुढचे सर्वश्रुत आहे. १८७८त कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला, १८८२त पतीही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बापाचा धर्म सोडला म्हणून तेव्हा पुष्कळांनी त्यांस बोल लावला. तो दुःखाचा विषय होता, आणि ज्यांना दुःख झाले त्यांचे मन आम्ही हलके लेखीत नाही. परंतु शास्त्रीबोवांनी शेवटी मागितले होते ते देवाची सेवा व सन्मार्ग, आणि त्या दोन्हींपासून बाई ढळल्या असे त्यांच्या विरोधकांसही म्हणता आले नसते. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या. वडिलांच्या हट्टाप्रमाणे त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन काढले.

वडिलांचे एक मात्र त्यांनी मुद्दाम बदलले, आणि आमच्या मते येथेच लेकीचे शहाणपण दिसते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली त्यांनी केडगावी आणल्या, तेव्हा अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, दूधदुभते व छापखाना हेही त्यांना शिकविले. दुष्काळात नुसते श्लोक येणाऱ्या घराचे काय होते, हे त्या जाणून होत्या. पालकांनी मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना हा भाग एकदा अवश्य मनात आणावा.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२१त मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही गेल्या. केडगावच्या छापखान्यात त्या भाषांतराचे खिळे मुक्तिसदनाच्या मुलींनीच जुळविले.