डिंकाची करामत

एक सोपा प्रयोग करून पाहा. काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घ्या. देवणीच्या शिवारातली चिमूटभर काळी माती त्यात टाका आणि चांगले ढवळा. वाळूचे कण लगेच तळाला जातील. पाणी मात्र गढूळच राहील. दुसऱ्या दिवशी पाहिले, तरी वर थोडा गढूळपणा दिसेल. आता त्यात चमचाभर मीठ टाका. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटू लागतील, त्यांचे पुंजके होतील आणि पाणी हळूहळू निवळेल. पावसाळ्यात हंड्यातल्या पाण्यात तुरटी फिरवतात, तेव्हाही असेच घडते.

आपल्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर असते. म्हणून ती पावसात फुगते, चपलांना चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिचे सर्वांत बारीक कण किती लहान असतात? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतल्या एका भागापेक्षाही लहान! असे कण पाण्यात तरंगत राहिले, की त्या मिश्रणाला कलिल म्हणतात. या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ पडले, की हे ढकलणे कमी होते.

कलिल तयार करण्याची एक जुनी रीत म्हणजे मोठे कण घोटून घोटून बारीक करणे. कारखान्यात यासाठी एक गिरणी असते. तिच्या दोन तबकड्या एकमेकींच्या अगदी जवळ असतात आणि उलट दिशांनी वेगाने फिरतात. पण ही रीत गिरणीच्या कितीतरी आधीची आहे. उर्दू पुस्तके हाताने लिहिणारे कातिब जी रोशनाई वापरत, ती दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास खलून बनवत. नुसती काजळी कितीही खलली, तरी तिचे कण पुन्हा एकत्र येतात. डिंक प्रत्येक कणाभोवती पातळ आवरण घालतो आणि कणांना वेगळे ठेवतो. बारीक करण्यापेक्षा बारीक ठेवणे अवघड, हे लक्षात असू द्या. ज्या शास्त्रज्ञाची ओळख आता आपण करून घेणार आहोत, त्यांच्यापुढे हीच अडचण आली होती.

त्यांचे नाव शांतिस्वरूप भटनागर. त्यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1894 रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. शांतिस्वरूप आठ महिन्यांचे असतानाच त्यांचे वडील वारले. आई त्यांना घेऊन माहेरी, उत्तर प्रदेशातील सिकंदराबाद येथे गेली. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या घरी या मुलाला यंत्रांची गोडी लागली. पुढे शिक्षणासाठी ते लाहोरला गेले.

त्यांना विज्ञानाइतकाच उर्दूचाही नाद होता. कॉलेजात असताना त्यांनी 'करामाती' नावाची उर्दू एकांकिका लिहिली. तिच्या इंग्रजी रूपाला बक्षीसही मिळाले. शास्त्रज्ञ म्हणजे रुक्ष माणूस, असे समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

एम.एस्सी. झाल्यावर त्यांना परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली. ते अमेरिकेला निघाले आणि वाटेत लंडनला पोहोचले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांत परतणाऱ्या सैनिकांची गर्दी होती. शांतिस्वरूपांना जागा मिळेना. मग ते लंडनलाच राहिले आणि प्राध्यापक डॉनन यांच्या हाताखाली काम करू लागले. तेल आणि पाणी यांचे दुधासारखे मिश्रण, म्हणजे पायस, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. यातही तेलाचे बारीक थेंब वेगळे ठेवावे लागतात. 1921 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. भारतात परतल्यावर तीन वर्षे त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात शिकवले. 1924 साली ते लाहोरला पंजाब विद्यापीठात आले.

1930 नंतरच्या काळात रावळपिंडीजवळच्या ॲटक ऑइल कंपनीवर एक संकट आले. आपल्याकडे बोअर घेणारे मशीन तुम्ही पाहिलेच असेल. खनिज तेलासाठी त्याहून कितीतरी खोल जावे लागते. तेव्हा चिकणमातीचा पातळ गारा नळीतून खाली सोडतात. तो छिद्र पाडणारे अवजार थंड ठेवतो आणि दगडाचा चुरा वर घेऊन येतो. पण त्या विहिरींत खोलवर खारे पाणी लागले. ते मिसळताच गारा घट्ट होऊ लागला आणि खोदकाम अडले. पेल्यातल्या मातीत मीठ टाकल्यावर काय झाले, ते आठवा. खारे पाणी थांबवणे तर शक्य नव्हते.

कंपनी भटनागरांकडे आली. गारा म्हणजे मातीचे कलिलच आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी त्यात आपल्या देशातच मिळणारा एक डिंक मिसळला. खाऱ्या पाण्यातही मातीचे कण वेगळे राहिले. गारा पातळच राहिला आणि खोदकाम पुन्हा सुरू झाले. कातिबाच्या दौतीत जे काम डिंक करत होता, तेच त्याने इथे जमिनीच्या पोटात केले.

कंपनीशी संबंधित असलेल्या लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीने खूश होऊन संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. भटनागरांनी ती विद्यापीठाकडे वळवली. त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला आणि अनेक तरुणांना तिथे काम मिळाले. वडिलांविना वाढलेल्या, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाला पैशाची किंमत कळत नसेल काय? तरीही त्यांनी तो स्वतःसाठी घेतला नाही.

त्याच्याही आधी, लाहोरच्या सर गंगाराम यांच्यासाठी त्यांनी उसाच्या चिपाडापासून गुरांसाठी खाद्य तयार करण्याची रीत शोधली होती. देवणी जातीची गुरे सांभाळणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे काम विशेष मोलाचे वाटेल.

1942 साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिची सूत्रे भटनागरांकडे आली. त्यांनी देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारली. तिच्यातली एक आपल्या महाराष्ट्रात पुण्याला आहे. या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 3 जानेवारी 1950 रोजी झाले. आजही तिथे कलिलांवर संशोधन चालते.

या धावपळीत 1946 साली त्यांच्या पत्नी लाजवंती वारल्या. भटनागरांच्या उर्दू कवितांच्या संग्रहाचे नावही 'लाजवंती' असेच आहे. 1 जानेवारी 1955 रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मगावात आणि दिल्लीत तेव्हा सीमा आली होती. संग्रहाची भाषा मात्र दोन्हीकडे वाचली जात होती.