थाळनेरचे जावई मास्टर दीनानाथ

लताबाईंचं आजोळ आपल्या खानदेशात, हे आपल्या सोसायटीतल्या निम्म्या मुलांना तरी माहीत नसेल. आपल्या हतनूर धरणातून सुटणारं तापीचं पाणी पुढे शिरपूर तालुक्यात थाळनेरच्या किल्ल्याखालून जातं. त्या थाळनेरच्या हरिदास शेठ लाडांच्या दोन मुली एकामागून एक मास्टर दीनानाथांच्या घरी गेल्या.

दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 चा, गोव्यातल्या मंगेशीचा. वडील देवळातले पुजारी, आई येसूबाई देवळात गाऊन सेवा करणाऱ्या. पोराने वडिलांचं आडनाव लावलं नाही. गावावरून मंगेशकर झाला. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले होते, त्यानंतर हा कोवळा मुलगा तिथे आला आणि गळ्याच्या जोरावर उभा राहिला. 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्याने बळवंत संगीत मंडळी काढली. वय अठराच्या आत! गडकऱ्यांचा या मंडळीवर जीव होता. पण जानेवारी 1919 मध्ये गडकरी गेले. त्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका पुढे दीनानाथांनी रंगवली. मग ‘रणदुंदुभि’ आलं, सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ आलं. बालगंधर्वांचं गाणं लोण्यासारखं, तर यांचं विजेसारखं. तान कुठून उठेल नि कुठे पडेल, याचा नेम नसे. वझेबुवांची तालीम होती, पण नक्कल कुणाचीच नाही.

1922 मध्ये थाळनेरच्या नर्मदेशी लग्न झालं. पहिली मुलगी लतिका तान्हेपणीच गेली आणि थोड्याच वर्षांत नर्मदाबाईही गेल्या. 1927 मध्ये त्यांची धाकटी बहीण शेवंती त्याच घरात सून म्हणून आली. ती सुधामती झाली, मुलांची माई. मेलेल्या बहिणीच्या जागी उभं राहायचं आणि नाटकवाल्या माणसाचा फिरता संसार रेटायचा, हे किती अवघड असेल ते आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. 28 सप्टेंबर 1929 ला इंदूरला मुलगी झाली. नाव ठेवलं हेमा, पण पुढे नाटकातल्या लतिकेवरून ती लता झाली. माईंच्या आईकडून लताबाई लोकगीतं शिकल्या.

आमच्यातल्या एकांचं म्हणणं पडलं, की स्मरणिकेत दारूचा विषय कशाला? पण तो टाळला तर अर्धा माणूसच उरतो. 1932 मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटकमंडळ्यांचा गल्ला ओसरू लागला. दीनानाथांनीही सांगलीला बळवंत पिक्चर्स काढून 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट केला. त्या धंद्यात पैसा गेला, कंपनी गेली आणि बाटली हातात राहिली. मैफलींवर घर चाललं, तेही जेमतेम. हातात लाख खेळलेला माणूस, त्याला ते सोसलं नाही. म्हणून पिणं बरोबर होतं असं नाही. माईंचा काय दोष होता?

त्याही दिवसांत घरात शिकवणी चालूच होती. एकदा शिष्याला पूरिया धनाश्रीचे स्वर देऊन दीनानाथ बाहेर गेले. त्याचं चुकतंय म्हणून छोटी लता उठून त्याला दुरुस्त करू लागली. परत येताना त्यांनी ते ऐकलं. गवई आपल्याच घरात आहे, हे त्यांनी माईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून तंबोऱ्यापुढे बसवलं.

शिकवायला वेळ फार मिळाला नाही. 24 एप्रिल 1942 ला पुण्यात दीनानाथ गेले. वय एक्केचाळीस. मागे माई आणि लता, मीना, आशा, उषा, हृदयनाथ ही पाच मुलं. थोरलीला तेरावं वर्ष चालू होतं. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटीशी भूमिका करायला ती तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. अभिनय तिला मुळीच आवडत नसे, पण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.