रावबहादूर सीताराम केशव बोले

आमच्या भंडारी ज्ञातीत जन्मून सर्व समाजाचे झालेले रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव दादर येथील एका रस्त्यास दिलेले आहे. त्या रस्त्याने नित्य जाणाऱ्या ज्ञातिबांधवांस त्यांच्या कार्याची ओळख असावी, या हेतूने हे अल्पचरित्र सादर करीत आहोत.

मुंबईतील गिरणी कामगारांच्या हितासाठी कामगार हितवर्धक सभा स्थापणाऱ्यांत बोले अग्रभागी होते. १९०७ साली भीमराव आंबेडकर हे मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारसभेचे अध्यक्षस्थान बोले यांनीच भूषविले.

त्यांच्या हातून सर्वांत मोठे कार्य घडले ते मुंबई कायदेमंडळात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबर रोजी सरकारने खातेप्रमुखांस तसे आदेश दिले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले खरे; परंतु स्पृश्यांचा विरोध कायम राहिल्याने तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. बोले स्वस्थ बसले नाहीत. जी नगरपालिका वा लोकल बोर्डे हा निर्णय अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा दुसरा ठराव त्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी मांडला.

अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले आणि त्यापायी मारही सोसला. तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापराचा हक्क सर्व नागरिकांस मिळाला.

बोले १९६१ साली निवर्तले. सभागृहात मिळालेला हक्क गावच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचण्यास किती वर्षे लागतात, हे या चरित्रावरून ध्यानी येते. तेवढे अंतर कायदा एकटा चालू शकत नाही. शेजाऱ्यांनी वाट मोकळी करावी लागते. बोले यांनी हा हक्क मागितला तो परक्या म्हणविलेल्या बांधवांसाठी. त्यांच्या नावाचा अभिमान मिरविताना आमच्या विहिरी, आमची सभागृहे व आमचे उंबरठे सर्वांस मोकळे आहेत काय, हे प्रत्येक ज्ञातिबांधवाने पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.